मापावर माप

आक्काच्या अंगणात दोन फळ्या शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि मी कुऱ्हाड घेऊन त्यांच्यापुढे उभा होतो.

“दादा, कुऱ्हाड खाली ठेव,” जोतिराम म्हणाला.

“का? घाबरलास? पंचवीस वरसं टिकती म्हणालास न्हवं? मग माझा एक घाव टिकू दे की.”

“फळी चालायला असती. तोडायला न्हवं.”

मी घाव घातला. फळी दुभंगली असती तर कदाचित तिथंच मिटलं असतं, पण पातं बोटभर आत जाऊन अडकून बसलं आणि माझं डोकं आणखी फिरलं. फळीवर पाय देऊन मी कुऱ्हाड उपटली, पुन्हा घातली, पुन्हा घातली. तिसऱ्या घावाला एक ढलपी उडाली आणि जोतिरामच्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं. ते न पुसताच तो माझ्या अंगावर आला.

कुऱ्हाड मी टाकली, एवढी अक्कल शिल्लक होती. मी एक्केचाळीस वर्षांचा, दोन पोरींचा बाप. तो बत्तीस वर्षांचा, नवीन धंदा काढलेला. आणि आम्ही दोघं सख्खे भाऊ थोरल्या बहिणीच्या दारात लाल चिखलात लोळत एकमेकांच्या तोंडावर गुद्दे घालत होतो. त्याचं बोट माझ्या दातांत आलं तेव्हा मी ते सोडलं नाही. शेवटी आक्कानं गोठ्यातली बादली आणून आमच्यावर उपडी केली. तिच्यात नुसतं पाणी नव्हतं.

“उठा,” ती म्हणाली. “तुमच्यापरीस कुत्री बरी.”

भांडण कशावरून होतं ते सांगितलं तर कुणीही हसेल. आक्काला घराला डेक करायचा होता. तो लाकडाचा करायचा की डब्ल्यूपीसीचा, यावरून.

आक्काचं घर आंबोलीच्या अलीकडे, घाटमाथ्यावर. दाजी फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि त्यांनी दरीच्या तोंडाशी घर बांधलं. मागच्या दारातून पाऊल टाकलं की जमीन संपायची. खाली बारा फुटांवर खडक, मग उतार. तिथं दरीकडं तोंड करून बसता यावं असा डेक दाजींनी कुठल्यातरी छावणीत साहेबाच्या बंगल्याला पाहिला होता. आमच्याकडं तेव्हा हा शब्दही कुणाच्या तोंडात नव्हता, पण काम नवीन नव्हतं. खांबांवर तुळया, तुळयांवर ओळीनं आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या. आमचं सुताराचं घराणं पिढ्यानपिढ्या माड्यांचे कडीपाट करत आलंय. हा डोक्यावर नाही, पायाखाली, एवढाच फरक. मे महिन्यात मी खांब, तुळया आणि किंजळीच्या लाकडाच्या कड्या चढवून सांगाडा उभा केला. वर माझ्याच वखारीतली सागवानी फळी मारायची ठरली होती. तेवढ्यात पाऊस लवकर आला आणि काम थांबलं.

त्याच पावसाळ्यात जोतिराम वखार सोडून गेला. गडहिंग्लजला गाळा घेऊन त्यानं डब्ल्यूपीसीच्या फळ्यांची एजन्सी काढली. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून साच्यातून काढलेली ती फळी. “आपण भुसा बंबात घालतो दादा, लोक त्याची फळी करून विकायला लागले,” असं तो आजऱ्याच्या वखारीत मला समजावायला आला की मी करवतीचं मशीन चालू करायचो, म्हणजे ऐकू येणार नाही. आमचे वडील, आप्पा, गेल्यावर त्याच्या हातात पटाशी धरून शिकवणारा मी. त्यानं माझ्या लाकडाच्या जागी प्लास्टिक आणावं, आणि तेही आक्काच्या घरात! माझ्या जेवत्या ताटात कुणी थुंकावं तसं मला झालं होतं.

आक्का पहिल्यापासून धोरणी. तिनं दोघांकडून एकेक फळी मागून घेतली आणि चार महिने आंबोलीच्या पावसात उघड्यावर टाकून ठेवली. दसरा झाल्यावर निकाल द्यायला आम्हाला बोलावलं. कुऱ्हाड माझी मी घेऊन गेलो होतो.

बादलीच्या पाण्यानं थोडं भान आल्यावर तिनं आम्हाला पायरीवर बसवलं आणि स्वतःचे पाय घागरीतल्या पाण्यानं ओले केले. ओल्या पायानं ती माझ्या सागवानी फळीवर उभी राहिली. फळीवर हिरवट शेवाळ धरलं होतं. तिनं टाच जराशी पुढं सारली आणि ती सर्रकन घसरली. खांब धरला म्हणून वाचली. मग ती जोतिरामच्या घाव खाल्लेल्या फळीवर उभी राहिली. टाच हलली नाही.

“सागवान कुजत न्हाई, आक्का,” मी म्हणालो. “वर्षातनं एकदा तेल पाजायचं आणि घासायचं.”

“कोण पाजणार? ह्यांचा गुडघा गेलाय. तू येणार? राखीला तरी येतोस का?”

मी अंगठ्यानं पायरीवरचा चिखल खरवडायला लागलो.

“फळी जोत्याची घालायची,” ती म्हणाली. “खालचा सांगाडा तुझा हाय, तसाच ऱ्हाऊ दे. माझ्या डेकवर दोघंबी पायजेत मला. एकानं जरी पाय मागं घेतला तरी डेकच नको.”

जोतिराम शर्टाच्या बाहीनं कपाळ दाबून बसला होता. तो हळूच म्हणाला, “दादा, माझं पहिलं काम हाय हे. हे नीट उभं ऱ्हायलं तर इथलंच चार बंगलेवाले बघायला येणार हायत. खचलं, तर मी परत तुझ्या हाताखाली.”

“मग आत्तापासनं सवय ठेव,” मी म्हणालो.

दिवाळीनंतर त्याचा टेम्पो आला. मीही गेलो, कारण आक्कानं बजावलं होतं. फळ्या उतरल्या, क्लिपांच्या पेट्या उतरल्या. डब्ल्यूपीसीला वरून खिळा मारत नाहीत. दर कडीवर एक क्लिप बसते, ती फळीला आतून धरते. जोतिराम सांगाड्याखाली जाऊन मान वर करून कड्या बघत उभा राहिला.

“दादा, कडी ते कडी किती ठेवलंयस?”

“का?”

“माझ्या फळीला चौदा इंच लागतंय. त्याच्या वर गेलं की झोळ धरती, उन्हात तर जास्तच. लाकडासारखं न्हवं हे.”

“चौदाच हाय.”

“डोळ्याला जरा रुंद वाटतंय.”

“खाली दरी हाय. दरीवर समदंच रुंद दिसतंय.”

त्याचा हात कमरेच्या टेपकडं गेला. टेपची पिवळी पट्टी वीतभर बाहेर आली.

“काय करतोस?” मी विचारलं.

इथं आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा. आप्पा म्हणायचे, दोन टेपा कधी एक बोलत नाहीत. म्हणून एका कामाला एकच माप. घरातल्या थोरल्यानं माप घेऊन सांगितलं की त्यावर धाकट्यानं पुन्हा टेप लावायची नाही. लावली तर थोरला खोटा ठरला. बारा वर्षांचा असताना मी एकदा आप्पांच्या मागं चौकटीचं माप घेतलं. अर्धा इंच फरक निघाला आणि मी आनंदानं ओरडलो. गिऱ्हाइकासमोर आप्पांनी सागवानी रीप माझ्या पाठीवर मोडली. ती मोडल्यावर दुसरी घेतली. चौकट आप्पांच्याच मापानं कापली गेली, ती बसली नाही, ती तासून बसवली, आणि त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही. पुढं जोतिराम माझ्या हाताखाली आला तेव्हा तोच धडा मी त्याला दिला, उघड्या तळहातावर. त्याच्या डाव्या तळहातावर तो वळ बरेच दिवस होता.

त्यामुळं मी विचारल्यावर त्यानं बोट सोडलं. पट्टी खट्कन आत गेली.

“काय न्हाई,” तो म्हणाला. “चौदा तर चौदा.”

चार दिवस काम चाललं. मी खुर्ची टाकून चहा पीत बसायचो आणि त्याच्या माणसांना ऐकू जाईल असं बोलायचो. “जपून रं, खेळणं हाय, मोडंल,” असलं काहीतरी. तो मान खाली घालून फळी फळीला मिळवत राहायचा. हात चांगला होता त्याचा, माझ्यापेक्षा बरा. हे मी तेव्हा कबूल केलं असतं तर माझी जीभ झडली नसती. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो एक पेटी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

“दादा, क्लिपा उरल्या.”

“जास्त मागवल्यास.”

“चौदाच्या हिशेबानं मोजून मागवल्या हुत्या. चार पेट्यांतली अख्खी एक उरलीया.”

मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो पेटीकडं बघत राहिला, मग म्हणाला, “माझंच मोजायला चुकलं असंल.”

आक्का त्या संध्याकाळी डेकवर अनवाणी फिरली, लहान पोरीसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत. दाजी कठड्याला टेकून दरी बघत उभे राहिले. आम्हा दोघांना तिनं शेजारी शेजारी बसवून जेवायला वाढलं आणि दोघांच्याही पानात सारखंच तूप पडतंय का ते बघून वाढलं. एप्रिलात तिचा निरोप आला की मधल्या भागात पाय टाकला की जरा झुलतंय. जोतिरामनं मला फोन केला. “नवीन हाय, बसंल,” मी सांगितलं. त्यानं ते ऐकलं. दादानं सांगितलंय म्हटल्यावर तो ऐकायचाच.

मे महिन्यात दाजींच्या घरच्या देवाचं बकरं होतं. पाहुणे चाळीसभर. आक्काचा हट्ट की पंगत डेकवरच बसली पाहिजे. भर दुपारची वेळ, ऊन तापलेलं, डेकवर उघडा पाय टेकवत नव्हता म्हणून सतरंज्या अंथरल्या होत्या. खाली बाजूच्या अंगणात चुलाणावर तांबडा रस्सा उकळत होता. दाजींचे पुतणे दत्तू आणि शिवाप्पा, दोघेही रेड्यासारखे, मोठ्या पातेल्याच्या कड्यांत वेळू घालून ते खांद्यावरून वर घेऊन आले. दाजी उलटं चालत त्यांना वाट दाखवत होते. “सावकाश. सावकाश. डावीकडं.” मधोमध आक्का पत्रावळ्या मांडत वाकली होती. जोतिराम कठड्याजवळ एका बंगलेवाल्याला फळीची जोडणी दाखवत होता. त्याच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

मोठा आवाज झाला नाही. सुकी शेंग फोडावी तसा एक आवाज, मग दुसरा. दाजींचा उजवा पाय फळीतून कमरेपर्यंत खाली गेला. पुढच्या दत्तूचा तोल गेला, वेळू खांद्यावरून निसटला आणि पातेलं आडवं झालं.

आक्का ओरडली ती अजून माझ्या कानात आहे. रस्सा तिच्या दोन्ही पायांवरून गेला, गुडघ्यापासून खाली. लुगडं पायाला चिकटलं होतं. कुणीतरी ते ओढून काढायला गेलं तर त्याबरोबर कातडी आली. दाजी मोडलेल्या फळीच्या कडांत अडकून लटकत होते. मांडी उभी फाटली होती आणि पाय नको त्या बाजूला वळला होता. माणसं पळाली, पळताना आणखी एक फळी मोडली. पोरं रडत होती. मी आणि शिवाप्पानं दाजींच्या काखांत हात घालून त्यांना वर ओढलं. फौजी माणूस, पण ओढताना जनावरासारखे ओरडले.

त्या गोंधळात मी जोतिरामला पाहिलं. तो भगदाडाशी पालथा पडला होता. टेप त्याच्या कमरेला होती, पण त्यानं ती काढली नव्हती. त्यानं दोन कड्यांमध्ये हाताची वीत ठेवली. अंगठा एका कडीच्या मध्यावर, करंगळी पुढं ताणलेली. मग तिथून दुसरी वीत. ती नेमकी पुढच्या कडीच्या मध्यावर जाऊन पोचली.

चौदा इंचांत दोन विती बसत नाहीत. दोन विती म्हणजे अठरा.

त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मला काहीतरी विचारायला त्याचे ओठ उघडले. “दादा, तू तर...” एवढं माझ्या कानावर आलं.

ते वाक्य पुरं होऊ द्यायचं नव्हतं. मोडलेल्या फळीचा हातभर तुकडा पायाशी होता. तो उचलून मी सगळ्या ताकदीनिशी त्याच्या तोंडावर मारला.

“ह्याच्या प्लास्टिकनं माझी बहीण भाजली!” मी ओरडलो. “ह्याच्या प्लास्टिकनं!”

पुढं मला काही करावं लागलं नाही. दत्तूनं वेळू उचलला. शिवाप्पानं त्याला पांढऱ्या शर्टाला धरून अंगणात फरफटत नेलं. लाथा, वेळू, कुणाच्या तरी पायातली चप्पल; पाहुण्यांतल्या ज्यांची ओळखही नव्हती तेही हात धुऊन घेत होते. जोतिराम हातांनी डोकं झाकून गोळा होऊन पडला होता. ओरडत नव्हता. ओरडायला तोंड जागेवर नव्हतं. मी तुकडा हातात धरून डेकवर उभा होतो, आणि खरं सांगतो, त्या घडीला मला सुटल्यासारखं वाटत होतं. आक्का तशा पायांनी कोपरांवर सरपटत पायरीपर्यंत आली.

“सोडा रं त्याला! केरबा, तुझा भाऊ हाय त्यो! केरबा!”

माझं नाव घेऊन ती ओरडत होती. मी जागचा हललो नाही.

आता कुणी विचारेल, खोटं का बोललास? सागवानाला अठरा चालतात म्हणून मी अठरा ठेवले होते. फळी बदलली तेव्हा मधून आणखी कड्या घालायला दोन दिवस पुरले असते. पण माझ्या मनात होतं की उन्हाळ्यात फळ्या झोळ धरतील, लोक हसतील, आक्का म्हणेल केरबाचंच खरं होतं, आणि जोत्या मुकाट्यानं वखारीत परत येईल. कुणी पडावं, भाजावं असं मनात नव्हतं. हे मी आजवर स्वतःलाच पुष्कळदा सांगितलंय. त्यानं दाजींचं हाड जुळलं नाही आणि आक्काच्या पायावरची कातडी परत आली नाही.

दाजींनी पोलिसांत जाऊ दिलं नाही; घरातलं घरात ठेवा म्हणाले. गडहिंग्लजच्या दवाखान्यात एका खोलीत दाजी, एकीत आक्का, एकीत जोतिराम. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून जोतिरामबद्दल सांगितलं, “बरगड्या आणि हात पुष्कळ मारानं गेलेत. जबडा मात्र एकाच फटक्यात मोडलाय, दोन ठिकाणी. कुणी मारलं?” मी म्हणालो, गर्दी होती.

जोतिरामचे वरचे-खालचे दात तारेनं आवळून बांधले होते. सहा आठवडे बोलायचं नाही, नळीनं पातळ प्यायचं. मी त्याच्या उशाशी बसलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि प्लास्टर नसलेला हात चादरीवर ठेवून अंगठा आणि करंगळी ताणली. एक वीत. हात पुढं सरकवून दुसरी वीत. मग भुवया वर करून माझ्या उत्तराची वाट बघत राहिला. उजव्या भुवईवर कुऱ्हाडीच्या दिवशीची खूण होती.

“झोप,” मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघायला लागलो.

थोड्या वेळानं वळून पाहिलं तर त्यानं तोंड भिंतीकडं केलं होतं.

त्याची एजन्सी गेली. बंगलेवाले फिरकले नाहीत. आजऱ्यात, गडहिंग्लजात लोक त्याला ‘डेकवाला’ म्हणून हसायचे, आणि मी वखारीत बसून ते ऐकायचो. वाटलं तेवढं गोड लागलं नाही. जेवताना घास तोंडात फिरायचा. बायको विचारायची, काय होतंय? मी तिच्यावर ओरडायचो. एकदा ताट भिंतीवर फेकलं. माझ्या दोन्ही पोरी मी घरात आलो की आतल्या खोलीत जायला लागल्या. सातव्या आठवड्यात आक्काचा निरोप आला, दोघांनी या म्हणून.

मी गेलो तेव्हा जोतिराम आधीच येऊन उभा होता. तारा काढल्या होत्या. जबडा किंचित डावीकडं गेला होता आणि गाल बसले होते. दाजी प्लास्टरमधला पाय घेऊन मागच्या दारात बाजेवर होते. आक्का दाजींची काठी टेकत आली. तिच्या पायांवर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत गुलाबी, सुरकुतलेली कातडी होती. मी तिकडं बघितलं नाही. डेकच्या मधल्या फळ्या काढून टाकल्या होत्या. उघड्या कड्या आणि खाली खडक दिसत होता.

जोतिराम माझ्यासमोर आला. त्याचा आवाज सहा आठवड्यांनी मी पहिल्यांदा ऐकत होतो. शब्द जरा बोबडे यायचे.

“दादा, कडी ते कडी किती ठेवलं हुतंस?”

आक्का बघत होती. दाजी बघत होते. अजूनही चौदा म्हणता आलं असतं. मी चौदा म्हणालो असतो तर त्यानं टेप बाहेर काढली नसती, ही माझी खात्री होती. आमच्या घरात तसंच होतं.

“अठरा,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. मग कमरेची टेप काढली, वाकला, तिचं टोक एका कडीच्या मध्यावर टेकवलं आणि पट्टी दुसऱ्या कडीवर नेली. माझ्या मापावर, माझ्यासमोर, तळहातावरच्या त्या वळानंतर पहिल्यांदा. माझा हात आपोआप वर उठला होता. तो मी खाली आणला.

“किती?” आक्कानं विचारलं.

“अठरा,” तो म्हणाला.

आक्का चालत माझ्याजवळ आली. तिनं काठी दोन्ही हातांत धरली आणि माझ्या नडग्यांवर मारली. जिथं तिची कातडी गेली होती, तिथंच. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हाड वाजलं. मी पाय मागं घेतला नाही. दाजी बाजेवरून “अगं बास” म्हणाले. ती थांबली ती दमली म्हणून.

“माझ्या मनात डेकवर दोघं बसलेलं हुतं,” ती धापा टाकत म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडलो. जोतिराम रडला नाही. तो टेप गुंडाळत उभा होता.

मी डोळे पुसून म्हणालो, “आक्का, समद्या फळ्या काढतो. माझी सागवानी मारतो वर. दरवर्षी येऊन तेल पाजीन.”

“फळीचा दोष न्हवता,” ती म्हणाली. “फळी हीच ऱ्हाईल. तू खाली कड्या घाल.”

दुसऱ्या दिवशी भर पावसातच मी आजऱ्याहून किंजळ घेऊन आलो. दोन कड्यांच्या मधोमध एकेक नवी कडी, नऊ इंचावर. नडग्या सुजल्या होत्या, लंगडत तुळयांवर चढलो. दत्तू आणि शिवाप्पा खालून कड्या वर देत होते. जोतिरामपाशी येताना दोघांच्या माना खाली असायच्या. मी टेप लावायचो, खूण करायचो आणि सांगायचो, “नऊ.” जोतिराम त्याची टेप लावायचा. “नऊ,” तोही म्हणायचा. मग खिळा. तेरा कड्या घातल्या आणि तेराही वेळा त्यानं माझ्यामागं माप घेतलं. दोन्ही टेपा दर वेळी एकच बोलल्या.

त्याला सोळा वर्षं झाली. आक्काचा डेक उभा आहे. गेल्या गणपतीत आम्ही पंधरा माणसं त्यावर जेवलो. जोतिरामचं काम आता सावंतवाडीपासून कोल्हापूरपर्यंत चालतं आणि खालचा सांगाडा सगळीकडं मी करतो. आक्काची तशी अट होती. तो मला अजून दादाच म्हणतो. माझ्या थोरलीच्या लग्नात मांडव त्यानंच उभा केला. त्या फटक्याबद्दल त्यानं आजवर मला एक शब्द विचारलेला नाही, आणि मारणारा हात पहिला कुणाचा होता हेही त्यानं आपल्या तोंडानं कुणाला सांगितलेलं नाही.

परवा चौकुळात एका बंगल्यावर काम होतं. सांगाडा झाला. तो खाली उभा राहून कड्या बघत होता.

“दादा, किती ठेवलंयस?”

“बारा,” मी म्हणालो.

“व्हय,” तो म्हणाला आणि कमरेची टेप काढली. मी तुळईवरून खाली उतरलो आणि तिचं दुसरं टोक धरलं.